‘हे कोनं सांगतलं?’ : वऱ्हाडातल्या आठवणी विचारण्याची रीत

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातल्या एका गावाने शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका काढायचे ठरवले आणि गावाचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले. मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेला माणूस. यादव माधव काळे यांचा १९२४ सालचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ एकदा रद्दीच्या दुकानात हाती लागला, तेव्हापासून हा नाद जडला, इतकेच.

त्या लेखात गावविहिरीबद्दल एक परिच्छेद होता. विहीर १८९९-१९०० च्या दुष्काळातली. विक्रम संवत १९५६ चा हा दुष्काळ. मारवाडी घरांत त्याला अजून छप्पनिया म्हणतात. विहिरीच्या दोन हकिकती मला मिळाल्या होत्या. पाटलांच्या वाड्यात सांगत, की आमच्या पणजोबांनी कणगी उघडली, लोकांना ज्वारी दिली आणि विहीर खणून घेतली. गावाबाहेरच्या वस्तीत सांगत, की आमच्या माणसांनी शेर-शेर ज्वारीवर ती खणली. मी दोन्हींची बेरीज केली आणि लिहिले, की दुष्काळाच्या संकटात साऱ्या गावाने एकजुटीने घाम गाळून ही विहीर खणली. वाक्य मला तेव्हा फार आवडले होते.

स्मरणिका निघाल्यावर महिनाभराने गावात गेलो. वस्तीतल्या एका आजीला तिच्या नातवाने तो परिच्छेद वाचून दाखवला होता. मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि मग तिने विचारले, “हे कोनं सांगतलं?” मी म्हणालो, “आजी, गावातल्याच लोकांनी.” ती म्हणाली, “कोन्या लोकायनं? इहीर खंदली आमच्या मान्सायनं. अन् पानी लागल्यावर आमालेच खाली उभं केलं. वरून कोनी वाढलं त घागर भरे.” खणण्याचे तिने सासूकडून ऐकले होते. खाली उभे राहणे तिने स्वतः भोगले होते.

माझ्याकडे उत्तर नव्हते. लेखात कोणी काय सांगितले याचा पत्ताच मी ठेवला नव्हता. ‘गावकरी सांगतात’ एवढे लिहून मोकळा झालो होतो. पाटलांच्या घरातली हकिकत खोटी होती असे नाही. त्यांनी ज्वारी दिलीच असेल. पण दोन खऱ्या गोष्टी मिसळून मी एक खोटी गोष्ट तयार केली, आणि ती छापली गेल्यामुळे आता तीच गावचा इतिहास झाली होती.

या चुकीवरचा इलाज आपल्याच जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वी करून ठेवलेला आहे, हे मला त्यानंतर कळले. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. महानुभावांची काशी म्हणून आपण ते ओळखतो, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठाचे गाव म्हणूनही. चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे शिष्य इथे गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिले आणि इथेच तेराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून त्याचे नाव आपण शाळेपासून घेतो. तो तयार कसा झाला, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तो विचारून विचारून तयार झाला.

म्हाइंभट मोठे शास्त्री होते. मनात आणते तर गुरूचे चरित्र आपल्या विद्वत्तेच्या जोरावर एकहाती लिहू शकले असते. तसे त्यांनी केले नाही. आधी नागदेवाचार्यांना विचारले. मग ज्यांना ज्यांना स्वामींचा सहवास घडला होता त्यांना गाठले, त्यांत महदाइसेसारख्या बायाही आल्या. मिळालेली प्रत्येक लीळा कुठे घडली, तेव्हा कोण जवळ होते, काय बोलणे झाले, हे टिपले आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले. म्हणूनच त्या ग्रंथात तत्त्वज्ञानाइतकीच गावांची नावे, देवळांच्या जागा, खाण्याचे पदार्थ आणि माणसांची रुसवेफुगवे सापडतात. विचारणारा बारीकसारीक विचारतो तेव्हा असे होते.

पुढची गोष्ट तर अधिक शिकण्यासारखी आहे. यादवांचे राज्य मोडल्याच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून पुन्हा उतरवून घेतली गेली. साहजिकच सांगणाऱ्यागणिक फरक पडला. या फरकांचे काय करायचे? महानुभावांनी ते पुसून एकसारखे केले नाहीत. हा हिराइसेचा पाठ, हा अमक्याचा, अशी नावे लावून ठेवले. एकाच लीळेची दुसरी आठवण असेल तर तीही शेजारी नोंदवली. या भेदाला त्यांच्याकडे ‘वासना’ असा शब्द आहे. इथे त्याचा अर्थ इच्छा नव्हे. एकाच प्रसंगाची सांगणाऱ्यागणिक निराळी नोंद. माझ्या विहिरीच्याही दोन वासना होत्या. मी एकीचेही नाव ठेवले नाही.

तेव्हापासून मी माझी वही बदलली. डावीकडच्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, अंदाजे वय, गाव, आणि त्याने ते स्वतः पाहिले की ऐकले. ऐकले तर कोणाकडून. उजवीकडे हकिकत, शक्यतो त्याच्याच बोलीत. वऱ्हाडी वाक्याचे प्रमाण मराठी केले की त्यातला जोर जातो आणि कधी कधी अर्थही. ‘पानी वाढलं’ याचे मी ‘पाणी दिले’ असे केले असते, तर त्या आजीचे सगळे म्हणणेच गळून पडले असते. पान जेवायला वाढतात तसे वरून, हात न लागू देता घातलेले ते पाणी.

आता विचारायचे कसे, याबद्दल. मूर्तिजापूरला शकुंतलेवर वाफेच्या इंजिनात काम केलेले एक निवृत्त गृहस्थ मला भेटले. मी समोर बसून म्हणालो, “काका, शकुंतलेचा इतिहास सांगा.” ते हसले. “बाप्पा, इतिहास मले काय माहीत? तो तुमच्या पुस्तकात असते.” पाच मिनिटांत भेट संपली. खरे तर पुस्तकातला इतिहास मला पाठ होता. अडीच फुटी रुळांची ही गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी किलिक-निक्सन कंपनीने उभी केली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर; दुसरा कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला, सुमारे ११३. देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या तरी ही कंपनीच्याच मालकीची राहिली आणि रेल्वे खाते ती चालवत राहिले. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होते, मग डिझेल आले. हे सगळे छापील आहे. मालकी सापडते, माणसे सापडत नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी एवढेच विचारले : “काका, इंजिनात पाणी कुठं कुठं भरत होते?” दोन तास गेले. कोणत्या टाकीचे पाणी खारट, त्याने बॉयलरचे काय होई. कोळसा भिजलेला निघाला तर काय करायचे. पावसाळ्यात चढावर चाके घसरू लागली की रुळांवर वाळू कशी टाकायची. स्टेशनांवर माणसे उरली नव्हती, तेव्हा गार्डच उतरून तिकिटे देई आणि फाटकही लावी. अंजनगावच्या बाजूची पानांची डाग चढायची तेव्हा डब्यात येणारा वास. शेवटी स्वतःहून एक वाक्य ते बोलले, की डिझेल आले त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

फरक प्रश्नाचा होता. ‘इतिहास सांगा’ म्हटले की माणूस स्वतःला अपात्र ठरवतो. त्याला वाटते इतिहास म्हणजे गाविलगड, इमादशाही, आर्थर वेलस्ली. वस्तूबद्दल, कामाबद्दल, जागेबद्दल विचारले की तो तज्ज्ञ होतो, कारण त्या गोष्टीत खरोखरच त्याच्याइतके कोणाला कळत नसते. जिनिंग-प्रेसिंगबद्दल विचारायचे तर ‘कापूस उद्योगाची आठवण सांगा’ म्हणू नये. भोंगा किती वेळा वाजे, त्यावर घरात कोणती कामे सुरू होत, रुईचा कण छातीत जाऊ नये म्हणून बाया तोंडाला काय बांधत, गाठीवर मार्का कोण मारी, एकाधिकार खरेदीच्या काळात चुकारा किती महिन्यांनी हाती पडे, असे विचारावे. वेचणीला लागण्याआधी पऱ्हाटीत सीतादई कशी करत, हे बायांना विचारावे. पुरुष त्यात हमखास चुकतात आणि मग बाया त्यांना दुरुस्त करतात, ती दुरुस्ती लिहून घ्यावी.

सालाच्या बाबतीत मात्र आठवणीवर भिस्त ठेवू नये. ‘साठ वर्षं झाली’ याचा अर्थ चाळीस ते ऐंशी काहीही असतो. त्याऐवजी खुणा विचाराव्यात. मानमोडीच्या आधी की नंतर? (१९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, आता ऐकीव आठवणीतच उरली आहे.) गाडगेबाबा वारले त्या हिवाळ्यात? म्हणजे डिसेंबर १९५६, वलगावजवळ. मिलो आणि सुकडी खाल्ली त्या साली? १९७२-७३. बौद्ध घरांत सर्वांत पक्की खूण १४ ऑक्टोबर १९५६ ची आहे. घरातले कोण दीक्षेला नागपूरला गेले, कशाने गेले, कोणते मूल तेव्हा पोटात होते, हे सगळे बिनचूक सांगतात. वऱ्हाडातल्या माझ्या वहीत तारखेपर्यंत जाणाऱ्या आठवणी सर्वांत जास्त त्या एका दिवसाच्या आहेत.

कागदांचेही बघावे. लोक म्हणतात आमच्याकडे काहीच नाही. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत ज्या घराने मुलाच्या जात पडताळणीसाठी खेटे घातले, त्या घरात एक फाईल असतेच. तीत कोतवाल पंजीची नक्कल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, हक्कनोंदणीचा कागद, वंशावळ. एका दाखल्यासाठी जमवलेले हे कागद म्हणजे त्या कुटुंबाचा शंभर वर्षांचा लिखित इतिहास असतो. कोतवाल पंजीत जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. साथीच्या वर्षाची पाने उलटली की एका महिन्यात गावाने किती माणसे गमावली ते मोजता येते. मूळ कागद कधीही घरी नेऊ नये. तिथेच फोटो काढावा, आणि आपण जे लिहिले त्याची एक प्रत सांगणाऱ्याच्या हातात द्यावी. हे सौजन्य म्हणून तर आहेच. शिवाय प्रत वाचून लोक चुका काढतात, आणि एक आठवण दुसरीला ओढून आणते.

अमरावतीच्या परकोटाचा विचार करताना कोणाला विचारायचे हा प्रश्न मला वारंवार अडवतो. निजामाच्या अमलात १८०७ साली, पेंढाऱ्यांपासून पेठेच्या श्रीमंत व्यापाऱ्यांना संरक्षण म्हणून हा कोट बांधायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच वेशी, चार खिडक्या. त्यांतल्या एकीचे नाव खुनारी खिडकी. तिच्याजवळ झालेल्या झटापटीत सातशे माणसे मेली म्हणून हे नाव पडले, असे गॅझेटियर सांगते. सातशे हा आकडा आहे, एकही नाव नाही. आकडे ठेवणारे अधिकारी तहसीलदारांना, पाटील-पटवाऱ्यांना विचारून लिहीत. लायल साहेबाने १८७० साली वऱ्हाडचे गॅझेटियर केले तेव्हापासून १९१० आणि १९११ साली निघालेल्या अकोला, अमरावतीच्या गॅझेटियरांपर्यंत हीच तऱ्हा. ते ग्रंथ मी रोज उघडतो, त्यांच्यावाचून माझे पान हलत नाही. पण ज्याला विचारले त्याचेच त्यात उतरले.

कोटाच्या आतली आठवण आणि बाहेरची आठवण एकच नसते, याचा दाखला अंबादेवीचा. मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. डॉ. पंजाबराव देशमुख या लढ्यात आघाडीवर. छापील इतिहासात परिषदेचे ठराव आहेत, नेत्यांची भाषणे आहेत. त्या दिवशी खेड्यांतून चालत आलेल्या माणसांनी भाकरी कुठे खाल्ली, मुक्काम कोणाकडे केला, परत गेल्यावर गावात त्यांच्याशी कोण कसे वागले, हे कुठे आहे? ते फक्त घराघरांत आहे आणि आता तिसऱ्या पिढीच्या तोंडी आहे. उलट बाजूच्या घरांतही काही आठवणी असणार. त्या सांगायला लोक कचरतात. माझा अनुभव असा, की ‘तुमचे आजोबा विरोधात होते का’ असे विचारले की दार बंद होते. ‘त्या वर्षी घरात नवरात्र कसे झाले’ असे विचारले की बोलणे निघते.

अशा ठिकाणी सांभाळून राहावे लागते. माणसे मेलेल्या भांडणाची आठवण आज कोणाच्या तरी अंगावर फेकायला वापरली जाऊ शकते. म्हणून मी दोन गोष्टी पाळतो. जिवंत माणसावर ठपका येईल असे नाव वहीत राहते, लेखात येत नाही. आणि सांगणारा ‘हे लिहू नका’ म्हणाला तर पेन खाली ठेवतो. माझ्या वहीत अशी काही कोरी पाने आहेत, वर फक्त तारीख.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही, याची जाणीव मला आयर्लंडच्या एका उपक्रमाबद्दल वाचून झाली. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या ५०,००० च्या आसपास मुलांनी आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून वह्या भरल्या. शिक्षकांच्या हाती प्रश्नांचे एक पुस्तक दिलेले होते : गावातली शेतांची नावे, लग्नाच्या चाली, दुष्काळाच्या आठवणी, घरगुती औषधे. मुलांनी सांगणाऱ्याचे नाव लिहिले, बहुतेक ठिकाणी वयही. त्या वह्या आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपल्या जातात. लिहिणारे अकरा ते चौदा वर्षांचे होते. आपल्याकडे पुण्याला गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या नावागावासह. वऱ्हाडातल्या जिल्हा परिषद शाळांना दिवाळीच्या सुटीचा गृहपाठ म्हणून एवढे देता येणार नाही का? मुले आजोळी जातातच. आजीजवळ वेळ असतो, आणि नातवाला ती जे सांगते ते माझ्यासारख्या वहीवाल्याला कधीच सांगत नाही.

घाई एका कारणाने आहे. १९९४ साली वाफेच्या शकुंतलेवरून अठ्ठावन्नाव्या वर्षी जो निवृत्त झाला, तो आज असलाच तर नव्वदीला टेकला आहे. मूर्तिजापूरच्या त्या काकांकडे मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा घराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले, मुलाकडे नेले आणि तिकडेच गेले. स्टेशनांच्या नावांचा क्रम त्यांच्याकडून पुरा करून घ्यायचा होता, आणि कोणत्या वळणावर शिटी का द्यायची तेही. विहिरीची हकिकत सांगणारी आजीही पुढच्या पोळ्याच्या आधी वारली. तिच्या सासूचे नाव विचारायचे माझ्याकडून राहून गेले. माझ्या वहीत डाव्या पानावर तिथे फक्त ‘सासू’ असे लिहिलेले आहे.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझे काही प्रश्न आहेत. उत्तर संपादकांच्या पत्त्यावर पोस्टकार्डावर पाठवले तरी चालेल.

शकुंतलेने तुमच्या घरातले कोणी शाळेला, बाजाराला किंवा लग्नाला गेले असेल, तर कोणत्या स्टेशनावरून, आणि तिकीट कोणी दिले? अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या जिनांत काम केलेली बाई घरात असेल तर तिला मजुरी कशी मिळे, रोजावर की मणावर, आणि तान्हे मूल ती कुठे ठेवी? कापूस घेऊन रात्रीच्या बंड्या निघत तेव्हा पहिल्या बंडीवर कोण बसे, आणि मुक्काम कुठे पडे? परकोटाच्या खिडक्यांना तुमच्या आजीच्या तोंडी कोणती नावे होती? १९२७ च्या परिषदेला तुमच्या गावातून कोण गेले होते? आणि तुमच्या गावात जुनी विहीर असेल तर ती कोणाच्या हातांनी खणली, पाणी लागल्यावर पहिली घागर कोणाची भरली, आणि कोण खाली उभे होते?

दोन माणसे दोन तऱ्हांनी सांगतील. दोन्ही लिहून पाठवा. मात्र प्रत्येकापुढे लिहा, हे कोनं सांगतलं.